अण्णांच्या वस्तऱ्याला धार

फोन आला तेव्हा मी चौथीच्या वह्या तपासत बसले होते. पलीकडं बाईचा आवाज होता, जरा संकोचलेला.

"ताई, तुमच्या अण्णांना जरा विचारून बघता का? आमचे सासरे कुणालाच दाढीला हात लावू देईना झालेत."

तिचे सासरे म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, जुने मित्र. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. पाटोद्याच्या पुढं त्यांचं गाव. उभा जन्म ऊस तोडण्यात गेला. अर्धं वर्ष कारखान्यावर, अर्धं वर्ष गावात. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली, एवढं आमच्या कानावर आलं होतं. अण्णा मात्र भेटायला गेले नव्हते. मी दोनदा म्हटलं, चला, जाऊन येऊ. दोन्ही वेळा त्यांचं नेमकं काहीतरी दुखायला लागलं.

सुनेनं सांगितलं ते असं. मुलानं मशीन फिरवून पाहिलं, तर सगळ्या गालावर पुरळ उठलं. मग पाटोद्याहून सलूनवाल्याला घरी आणलं. त्याच्या हातातलं पातं बघून काकांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, ते काही केल्या इकडं करेनात. दोन महिने दाढी तशीच वाढत होती. जेवताना तिच्यात अन्न अडकायचं आणि पुसायला गेलं की काका चिडायचे.

"एकच म्हणतात, माझ्या न्हाव्याला बोलवा."

मी फोन अण्णांकडं दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला तरी कानाशी हलत राहिला.

"ऊसतोडीची टोळी कधी निघतीय?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यानंतर. या वर्षी आमी दोघंबी जाणार. घरी एकट्या सासूबाई ऱ्हातील."

"तुमी जायच्या आत येतो. सांग त्येला."

फोन बंद झाला. मी विचारलं, "येतो म्हणालात. पण करणार कसं?"

त्यांनी आपले हात माझ्यापुढं धरले. मांडीवर असले की ते जरा शांत असतात. पण काही धरायला, उचलायला गेलं की थरथर सुरू होते. गुंडी लावणं, पाण्याचा ग्लास तोंडाला लावणं, सगळ्याला वेळ लागतो. डॉक्टर म्हणतात, नसांचा आजार आहे, गोळ्यांनी थोडा आटोक्यात राहील.

"मी न्हाई करणार," अण्णा म्हणाले. "तू करणार."

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

अण्णांचं पाटोद्यात स्टँडजवळ पत्र्याचं दुकान होतं. एक लाकडी खुर्ची, एक आरसा, दारापुढं वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. पुढं सगळीकडं अर्धं पातं घालून दाढी करायची पद्धत आली, तशी त्यांनीही ती घेतली. गिऱ्हाइकासमोर नवं पातं मोडायचं, दाढी झाली की टाकून द्यायचं. पण जुना वस्तरा त्यांनी सोडला नाही. काही म्हातारी माणसं त्याच्याशिवाय बसायचीच नाहीत. त्यांत काका पहिले. गावात असले की दर सोमवारी ते यायचे, बाकड्यावर बसून तासभर गप्पा मारायचे आणि मग खुर्चीत बसून मान मागं टाकायचे. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी एकाएकी दुकान बंद केलं आणि बीडला माझ्याकडं आले. आई आधीच गेली होती, मला भाऊ नाही. हात थरथरतात म्हणून बंद केलं, एवढंच त्यांनी सांगितलं आणि मीही जास्त विचारलं नाही.

माळ्यावरून मी त्यांची धोकटी काढली. न्हाव्याचं सगळं सामान राहील अशी चामड्याची पिशवी. आत तीन वस्तरे होते, कापडात गुंडाळलेले दोन दगड, एक चामड्याचा पट्टा, तुरटीचा खडा, वाटी आणि ब्रश. तीनपैकी दोन वस्तरे झिजून सुरीसारखे झाले होते. तिसरा चांगला होता, पण पात्यावर गंजाचे ठिपके पडले होते.

तो उघडताना मला लहानपणचा मार आठवला. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा दुकानात हाच वस्तरा उचलला होता आणि अण्णांनी फाडकन माझ्या हातावर मारलं होतं. "पोरीच्या जातीनं वस्तऱ्याला हात लावायचा न्हाई." लागलं फार नव्हतं, पण बाकड्यावर चार माणसं बसली होती. आता तेच अण्णा मला म्हणत होते, राख घे, गोडेतेल घे आणि तो गंज घास.

गंज निघाला. मला वाटलं, आता धार लावायची. अण्णांनी दगड मागितला, डोळ्यांजवळ नेऊन तिरपा धरला आणि परत दिला.

"मधी खड्डा पडलाय. आधी ह्यो सपाट कर."

म्हणजे धार लावायच्या दगडालाच आधी घासायचं. मागच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर बारीक वाळू टाकली, पाणी शिंपडलं आणि दगड पालथा घालून गोल गोल फिरवत बसले. पंधरा मिनिटांनी दाखवला, तर "न्हाई". अर्ध्या तासानं दाखवला, तर "न्हाई". मग मला एक सुचलं. शाळेच्या पिशवीतली पेन्सिल घेऊन मी दगडावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि परत घासायला लागले. कडेच्या रेघा गेल्या, मधल्या तशाच राहिल्या. म्हणजे खड्डा अजून होता. मधली शेवटची रेघ पुसली गेली तेव्हा दगड नेऊन दिला. अण्णांनी तिरपा धरून पाहिला.

"कसं जमलं एवढं नीट?"

मी पेन्सिल दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "आमाला न्हाई सुचलं हे कधी," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की चहा घ्यायचा आणि अंगणात बसायचं असं ठरून गेलं. दोन दगडांपैकी एक राखाडी, जरा खरखरीत. दुसरा काळसर, शाळेच्या पाटीसारखा गुळगुळीत. आधी राखाडी, मग काळा. दगड ओल्या फडक्यावर ठेवायचा म्हणजे सरकत नाही. वरून पाणी सोडायचं. वस्तरा दगडावर आडवा झोपवायचा, असा की त्याची जाड पाठ आणि पातळ धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतील.

"पाठ उचलायची न्हाई," अण्णा म्हणाले. "पाठ उचलली की धार मेली. पाठीनंच ठरवलेलं असतंय, धार किती तिरपी बसायची. तू काय ठरवू नको."

आणि ढकलायचं ते धार पुढं करून. दुधावरची साय सुरीनं अलगद काढावी, तसं दगडावरून काहीतरी पातळ काढतोय असं मनात धरायचं. दगड अरुंद, पातं लांब. म्हणून सरळ न नेता तिरपं न्यायचं. मुठीकडून सुरुवात करायची आणि पलीकडं पोचेस्तोवर टोक दगडावर आलेलं असलं पाहिजे. तिथं वस्तरा पालथा करायचा तो पाठीवरून. धारेवरून कधीच नाही. मग दुसरी बाजू आपल्याकडं आणायची. जितके हात एका बाजूनं, तितकेच दुसऱ्या बाजूनं.

सांगताना सोपं वाटतं. पहिल्या दिवशी माझ्या हातून वस्तरा दगडावर असा करकरला की घरातून माझे यजमान बाहेर येऊन बघून गेले.

"दाबू नको," अण्णा म्हणाले.

"दाबत नाहीये."

"दाबतीयस. ऐकू येतंय मला."

ते बाजेवर आडवे पडून डोळे मिटून ऐकायचे. आधी मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून पडलेत. पण माझं लक्ष जरा कुठं गेलं की त्यांचा आवाज यायचा. "टोकाकडं दाबलं." "आता पाठ उचलली." "आता बरं हाय. असंच." पात्याचा सगळा काठ दगडाला सारखा टेकला की एकच लांब, बारीक आवाज येतो, कापड फाटावं तसा. कुठं टेकलं नाही तर आवाज मधे तुटतो. हे मला कळायला आठवडा लागला. त्यानंतर मीही डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबायला लागले.

आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी दगडावरचं पाणी धारेपुढं ढकललं जायच्या ऐवजी पात्यावर चढायला लागलं. मी थांबून तसं सांगितलं. अण्णा उठून बसले. "धार बसाय लागली. आता काळा दगड घे," म्हणाले. "आता नुसतं वस्तऱ्याचं वजन. तुझा हात फक्त संगतीला."

काळ्या दगडावर आवाज जवळजवळ येतच नाही. त्या दिवशी मी खूप वेळ बसले, उजेड कमी होईपर्यंत. मग अण्णांनी बोट ओलं करून धारेवर आडवं, अगदी हलकं टेकवायला सांगितलं. स्वतः केलं असतं, पण थरथरत्या हातानं ते करणं म्हणजे बोट कापून घेणं. मी टेकवलं. चिकटल्यासारखं वाटलं.

"चिकटतंय?"

"हो."

"सगळीकडं?"

मी बोट काठानं जागोजागी टेकवत गेले. टोकाजवळ एका ठिकाणी ते घसरलं. "इथं नाही."

"मग न्हाई झालं," म्हणून ते परत आडवे झाले.

पुढचे दोन दिवस त्या एका जागेत गेले.

मग धारेवर शेवटचा हात फिरवायला पट्टा. तो खिडकीच्या गजाला अडकवायचा, दुसरं टोक डाव्या हातानं ताणून धरायचं आणि वस्तरा त्यावर फिरवायचा. इथं सगळं उलटं. दगडावर धार पुढं, तर पट्ट्यावर पाठ पुढं. दगडाची सवय झालेल्या माझ्या हातानं तिसऱ्याच फेरीला धार पुढं केली आणि पट्ट्यात बोटभर चीर पडली. पट्टा आजोबांच्या वेळचा होता.

अण्णा जवळ आले, पट्टा उलटा करून वरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं तसलीच एक चीर होती, मेणदोऱ्यानं शिवलेली. "ही माजी," म्हणाले. "तुझी तिच्याखाली शिवू."

त्या संध्याकाळी मी पट्टा शिवत बसले असताना मला विचारावंसं वाटलं. "अण्णा, लहानपणी मला वस्तऱ्याला कावून हात लावू दिला नाही?"

ते म्हणाले, "लोक हसतील वाटायचं. न्हाव्याच्या पोरीच्या हातात वस्तरा दिसला तर काय काय बोलतील, कुणाकुणाच्या घरी कामाला बोलवतील. तू शाळंत जावीस, एवढंच डोक्यात होतं."

"आणि आता?"

"आता हसू दे."

मग त्यांनी आपणहून दुकानाचं सांगितलं. थरथर सुरू झाली तेव्हा त्यांनी ती लपवली. करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवली की हात जरा स्थिर व्हायचा. मग तेवढ्यानं भागेना. कुणाला इथं कापलं, कुणाला तिथं. माणसं तोंडानं काही बोलली नाहीत, पण एकेक जण दुसरीकडं जायला लागला. फक्त काका येत राहिले. शेवटच्या सोमवारी त्यांच्या कानाखाली वस्तरा खोल गेला. तुरटीनं रक्त थांबेना. टॉवेल लाल झाला. काका म्हणाले, काय न्हाई, काय न्हाई, आणि टॉवेल मानेला दाबून स्टँडकडं निघून गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी दुकानाला कुलूप लावलं.

"त्यानंतर तोंड न्हाई दाखवलं त्येला," अण्णा म्हणाले. "आता बोलावलंय तर एकदा नीट दाढी झाली पायजे. रक्ताचा एक ठिपका न्हाई आला पायजे. म्हणून तुला एवढं घासाय लावलं."

नुसती धार लावून भागणार नव्हतं, वस्तरा चालवायलाही यायला हवा होता. अण्णांनी मला फुगा आणायला लावला. फुग्यावर साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता तो वस्तऱ्यानं उतरवायचा. पहिले चार फुगे फुटले. पाचवा टिकला. मग मी अण्णांची दाढी केली. जिवणीच्या कोपऱ्यात बारीकसं कापलं. अण्णांनी डोळेही उघडले नाहीत. "कातडी ताणली न्हाईस. डाव्या हाताचं काम निम्मं असतंय," एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी यजमानांनी आपणहून खुर्ची ओढली. "ऑफिसात विचारलं तर मांजरानं ओरबाडलं म्हणून सांगेन," म्हणाले. तसं सांगायची वेळ आली नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आणि अण्णा सकाळच्या एसटीनं निघालो. मांजरसुंब्याला गाडी बराच वेळ थांबली. ढाब्यांसमोर ट्रॅक्टरांची रांग लागली होती, ट्रॉल्यांत भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या, त्यांच्यावर बसलेली माणसं. टोळ्या निघायला लागल्या होत्या. अण्णा खिडकीतून बघत होते. "उशीर तर न्हाई ना झाला?" त्यांनी मला दोनदा विचारलं. पाटोद्याला उतरल्यावर त्यांनी दुकानाच्या जागेकडं पाहिलं नाही, सरळ टमटममध्ये जाऊन बसले.

काकांचं घर गावाच्या कडेला, पुढं पत्र्याची पडवी. तिथंच त्यांची बाज टाकली होती. सून सामान बांधत होती, मुलगा कोयते धुऊन ठेवत होता. काका मी ओळखलेच नसते. रुंद छातीचा माणूस, बाजेत हरवून गेला होता आणि त्यावर ती पांढरी, गुंतलेली दाढी. तोंड जरासं वाकडं झालं होतं, पण डोळे तेच.

अण्णा दारातच थांबले. काकांनी त्यांच्याकडं बघितलं.

"आलास का बे?" ते म्हणाले. शब्द जरा ओढत यायचे.

"आलो."

"लई लवकर आलास."

काकूंनी अण्णांना बाजेजवळ पाट टाकून दिला. मी सामान काढायला लागले. वाटी, ब्रश, वस्तरा. काकांच्या ते लक्षात आलं.

"ही करणार?"

"हिच्या हाताची धार हाय," अण्णा म्हणाले. "माज्यापेक्षा बरी."

शेजारच्या दोन बाया पदर तोंडाला लावून पडवीच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक हळूच काहीतरी म्हणाली आणि दुसरी हसली. काकांनी उजवा हात उचलून बोटानं त्यांना जा म्हणून खुणावलं, मग मलाच म्हणाले, "पोरी, कर सुरू. न्हाव्याची लेक हायस, तुज्या हातात वस्तरा न्हाई शोभायचा तर कुणाच्या?"

सुनेनं गरम पाणी आणलं. आधी मी कात्रीनं दाढी बारीक केली. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं गालांवर ठेवलं, ते निवल्यावर दुसरं ठेवलं. अण्णांनी सांगितलं होतं, राठ केस भिजले पाहिजेत, घाई करायची नाही. फेस लावला. खिडकीच्या गजाऐवजी पडवीच्या खांबाला पट्टा बांधला, वस्तरा फिरवून घेतला आणि काकांच्या उजव्या कानाशी टेकवला.

अण्णा पाटावर बसून डोळे मिटून ऐकत होते. केस कापले जाताना जो कुरकुर आवाज येतो, तो बाजेपाशी सगळ्यांनाच ऐकू येत होता. उजवा गाल नीट झाला. डावा गाल अवघड. त्या बाजूची कातडी ढिली पडली होती, ताणली तरी हातातून निसटायची. मी थोडं थोडं करत गेले. हनुवटीपाशी आवाज बदलला.

"थांब," अण्णा म्हणाले. "पट्ट्यावर मार परत."

मी उठले, दहा-बारा हात मारले, परत बसले. मग गळा. गळ्यावर वस्तरा असताना काकांनी श्वास रोखून धरला. गळ्याची गाठसुद्धा हलू दिली नाही. एवढ्या आजारी माणसानं ते केलेलं बघून मी घाईघाईनं हात उचलला, म्हटलं, "काका, श्वास घ्या."

"सवय हाय मला," ते म्हणाले.

कानाखालचा तो जुना वण मला दिसला. बोटाच्या पेराएवढा, पांढरा. त्याच्यावरून वस्तरा नेताना मी अण्णांकडं पाहिलं नाही.

झालं तेव्हा मी ओल्या फडक्यानं चेहरा पुसला आणि पांढरं फडकं नीट उलटून पाहिलं. कुठं लाल नव्हतं. काकूंनी लहानसा आरसा आणला. काकांनी त्यात बघितलं, उजवा हात गालावरून फिरवला, मग डाव्या गालावरून. जी बाजू त्यांना नीट जाणवत नव्हती, तिच्यावरून तो हात जास्त वेळ फिरत राहिला.

"ठिपका न्हाई आला ना?" अण्णांनी डोळे उघडून मला विचारलं.

"नाही."

"मला कापलं त्याचं एवढं घेऊन बसलास व्हय?" काका म्हणाले.

अण्णा मान खाली घालून बसले.

"तुजा हात हलतोय ते मला तू सांगायची वाट न्हाई बघावी लागली. माज्या गालावरच करंगळी ठेवायचास ना तू. मला न्हाई कळणार? म्हणून मी श्वास धरायचो."

काकू आतून चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबून हसल्या. "घरी येऊन सांगायचे, उसाचं पान लागलं मानेला. मी म्हणायची, आवं, जेठाच्या महिन्यात कुठला ऊस हाय आपल्या गावात?"

सून हसली, मुलगाही हसला. अण्णांना हसायला आलं नाही. त्यांच्या मांडीवरचे हात जोरात हलायला लागले आणि त्यांनी ते लपवायला पटकन धोतराचा सोगा पुढं ओढला.

"मग बोललास कावून न्हाई?" ते म्हणाले.

"बोललो असतो तर दुकान बंद केलं असतंस. तरीबी केलंसच." काका थांबले, दम घेतला. "कापलं त्याचा राग न्हाई. पुढच्या सोमवारी मी आलतो. कुलूप. चहावाल्यानं सांगितलं, बीडला गेला लेकीकडं. तासभर बाकड्यावर बसलो मी. तुला काय लई लांब होतं व्हय माजं घर? सांगून जायचं होतंस. त्याचा राग हाय."

मी अण्णांना रडताना आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशी. आवाज नव्हता, नुसतं पाणी. मग ते पाटावरून उठले, बाजेच्या काठावर बसले आणि आपला हलता हात काकांच्या चालत्या हातावर ठेवला. काकांनी तो धरला. धरला तरी तो हलतच होता, आणि त्याच्याबरोबर काकांचाही हात हलत होता. दोघांनी तो तसाच हलू दिला.

"चुकलं माजं," अण्णा म्हणाले.

"चहा पी," काका म्हणाले. "निवतोय."

दुपारी जेवूनच आम्ही निघालो. निघताना सुनेनं मला आत बोलावलं. ती परवा निघणार होती आणि तिला एकच घोर होता, सहा महिने सासऱ्यांचं कोण करणार. सासूबाईंना खायला-प्यायला घालणं जमेल, अंग पुसणं जमेल. पण दाढी? मी म्हटलं, मी येत जाईन. म्हणताना फार विचार केला नव्हता. बसमध्ये बसल्यावर हिशोब डोक्यात आला, शाळा, घर, सुट्टीचे रविवार, आणि वाटलं, हे जमणार कसं. अण्णांनी न विचारताच सांगितलं, "दर रविवारी नको. एक आड एक पुरतंय. म्हाताऱ्याची दाढी सावकाश वाढती."

तसंच केलं. पावसाळ्यापर्यंत एक आड एक रविवार आम्ही दोघं जात राहिलो. मी दाढी करायची, अण्णा बाजेवर बसायचे. दाढी अर्ध्या तासात व्हायची, गप्पा चार तास चालायच्या. कुठल्या साली कुठल्या कारखान्यावर किती थंडी होती, कुणाचा बैल कुठं बसला, कोण कुणाशी भांडलं. तेच तेच सांगताना ते एकमेकांच्या चुका काढायचे. दुसऱ्या महिन्यात गावातले आणखी एक म्हातारे काठी टेकत आले आणि आमचीबी करशील का म्हणून बसले. मग तिसरे आले. त्या दोन हसणाऱ्या बायांतली एक स्वतःच्या सासऱ्याला हाताला धरून घेऊन आली. प्रत्येकासाठी मी वस्तरा उकळत्या पाण्यातून काढायची, पुसायची, पट्ट्यावर मारायची. माझा रविवार गेला की सोमवारी शाळेत मनगट दुखायचं.

चैत्रात टोळी परत आली. सून ट्रॅक्टरवरून उतरून घरात आली, तेव्हा काका पडवीत खांबाला धरून उभे होते. व्यायाम शिकवायला दवाखान्यातून माणूस येत होता. पण काकूंचं म्हणणं, आरशात तोंड दिसायला लागल्यापासून हे उठायला लागले. खरं काय ते मला माहीत नाही.

आता काका काठी घेऊन पाटोद्यापर्यंत टमटमनं येतात, म्हणून आम्हाला गावापर्यंत जावं लागत नाही. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीमागं सावली आहे, तिथं टपरीवाला आम्हाला खुर्ची देतो. अण्णांच्या गोळ्या बदलल्यात, गुंडी लावायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो. वस्तरा मात्र ते हातात घेत नाहीत. मी शनिवारी संध्याकाळी अंगणात दगड मांडते. परवा मी काळ्या दगडावर हात फिरवत असताना बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. मला वाटलं, झोप लागली असेल. बघितलं तर ते जागेच होते, बाजेवर कुशीवर वळून माझ्या हातांकडं बघत होते.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काय न्हाई," म्हणाले. "कर तू."